वीतभर आखूड घोडा

मी घोड्याचं माप घेतलं नाही. घोडा ज्या खोलीत ठेवायचा होता, त्या खोलीचं माप घेतलं आणि ते उल्हासनगरच्या सोफेवाल्याला देऊन आलो.

घोडा म्हणजे गवत खाणारा नव्हे. जिम्नॅस्टिक्समधला पॉमेल हॉर्स. पुरुषांना सहा साधनांवर खेळावं लागतं, त्यातलं हे सगळ्यात खडूस. गादी भरलेला एक लांबोडका ठोकळा, खाली लोखंडी पाय, पाठीवर मधोमध दोन हँडल. नाव घोडा असलं तरी त्यावर बसायचं नसतं. दोन्ही हात टेकवायचे आणि उरलेला देह हवेत जात्यासारखा गरगर फिरवायचा. फिरत फिरतच या टोकाकडून त्या टोकाला जायचं आणि शेवटच्या फेऱ्यात टोकाच्या बाहेर अंग फेकून खाली उतरायचं. पाय घासला तर गुण कापतात. बूड टेकलं तर पडलात असं धरतात, मग तुम्ही कितीही ऐटीत बसलेले असा.

माझी या घोड्याशी शाळेपासूनची ओळख. पण ती सासरेबुवांशी असते तशी. नमस्कार व्हायचा, प्रेम नव्हतं.

मुळात मी खेळाडू झालो तो घरातल्या माळ्यामुळे. लहानपणी मी माळ्यावरून उड्या मारायचो आणि खाली जे असेल ते फुटायचं. वडील अंबरनाथच्या सरकारी फॅक्टरीत कामाला. एका संध्याकाळी लोणच्याची बरणी गेली, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला थेट वस्तीतल्या समाजमंदिरात नेऊन सरांच्या स्वाधीन केलं. सर म्हणजे शाळेतले पीटीचे मास्तर, संध्याकाळी समाजमंदिराच्या हॉलमध्ये जिम्नॅस्टिक्स शिकवायचे. वडिलांचा विचार साधा होता. पोरगं एक तर शिकेल, नाहीतर पाय मोडेल. दोन्हीकडून बरण्या वाचतील.

पहिल्याच स्पर्धेत मी जिल्ह्यात तिसरा आलो. आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. आमच्या गटात एकूण तिघेच होतो, हे मी तिला सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. पुढे त्यातला एक इंजिनिअरिंगला गेला, दुसऱ्याने काकांच्या दुकानात बसून वजन वाढवलं, आणि मी जिल्ह्याचा चॅम्पियन झालो. माझ्या यशाचं रहस्य कुणी विचारलं तर मी मेहनत, निष्ठा वगैरे सांगतो. खरं रहस्य म्हणजे बाकीचे सोडून गेले आणि मला दुसरं काही येत नव्हतं.

अर्थात एवढंही स्वतःला खाली पाडायला नको. उंच दांडीच्या हाय बारवर मी चांगला होतो. राज्याचं अजिंक्यपद मिळवलं, एकदा सोडून दोनदा. राष्ट्रीय स्पर्धेतली पदकंही आहेत, कपाटात आईच्या जुन्या चष्म्यांच्या डबीशेजारी. खेळाच्या कोट्यातून वडिलांच्याच फॅक्टरीत कारकून म्हणून लागलो. तिथे साहेबांकडे पाहुणे आले की मला बोलावणं यायचं आणि फायलींच्या कपाटासमोर हातांवर उभं राहून दाखवावं लागायचं. लग्न ठरताना मुलीकडच्यांनी चौकशी केली की मुलगा उलट्या उड्या मारतो म्हणजे सर्कशीत आहे का. सरकारी नोकरीत आहे म्हटल्यावर उलट्या उड्या माफ झाल्या.

तिशी उलटली तरी मी खेळतच होतो. माझ्याबरोबरीची मंडळी आता पंच झाली होती, कोच झाली होती, एक तर नगरसेवक झाला होता. मी मात्र अजून पांढरी पँट पायांच्या तळव्यांखाली पट्टी ताणून घालत होतो आणि बनियनसारख्या त्या आखूड गणवेशात पोट आत ओढून पंचांना सलाम करत होतो. बायकोला दरवर्षी सांगायचो, हे शेवटचं वर्ष. ती म्हणायची, कॅलेंडरवाले पण असंच म्हणतात, तरी जानेवारीत नवीन येतंच.

राज्य स्पर्धेतले पहिले सहा जण राज्याच्या संघात घेतात. सातवा राखीव. मी त्या सहांत कसाबसा का होईना असायचोच, आणि गेली काही वर्षं सातवा यायचा तो आमच्याच हॉलमधला, बदलापूरच्या बेलवलीचा पोरगा. पोरगा म्हणायची सवय, खरं तर चांगला बाविशी ओलांडलेला गडी होता. बदलापूरला केमिकल कंपनीत कंत्राटावर, शिफ्ट सांभाळून मोटारसायकलवर अंबरनाथला सरावाला यायचा. मला दादा म्हणायचा आणि माझी बॅग उचलायचा. राखीव खेळाडूचं काम म्हणजे कुणाचा तरी गुडघा जाण्याची वाट बघणं. माझा गुडघा जायचा, पण नेहमी स्पर्धा संपल्यावर.

एकदा तो म्हणाला होता की राखीव म्हणून मिळालेला कागद कोट्याच्या नोकरीला चालत नाही, असं त्याला रेल्वेत कुणीतरी सांगितलं. प्रत्यक्ष खेळलेलं लागतं. शिवाय वयाची अटही जवळ येत चाललीय. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, मेहनत कर. चॅम्पियन माणसाने खांद्यावर हात ठेवून काय बोलायचं असतं, ते मला पाठ होतं.

आणि मग एका जुलैत वालधुनी नदी आमच्या वस्तीत शिरली. समाजमंदिराच्या हॉलमध्ये कमरेएवढं पाणी. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तर आमचा जुना घोडा स्टेजच्या पायरीवर तोंड टेकून पडला होता. आतला भुसा फुगून कातडं फाटलं होतं. वाळवला, तर वास असा की आमच्यातल्या एकाला फिरता फिरताच ओकारी आली. नवा घोडा लागणार हे उघड होतं. नियमाप्रमाणे बनलेला कारखान्याचा घोडा आम्हाला परवडणारा नव्हता, तेव्हा बनवून घ्यायचं ठरलं. सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघाले होते. जाताना मला म्हणाले, "तू सीनियर आहेस. माप नीट घे."

आता इथे समाजमंदिराच्या कमिटीचा एक मुद्दा सांगायला हवा. हॉल आमचा एकट्याचा नव्हता. तिथे लग्नं व्हायची, नामकरणं व्हायची, एप्रिल जवळ आला की जयंतीचं लेझीम घुमायचं. म्हणून रोज सराव संपला की सगळी साधनं स्टेजमागच्या अडगळीच्या खोलीत ढकलावी लागायची. तिथे आधीच खुर्च्या, ढोल आणि आचाऱ्याची पातेली. जुना घोडा त्या खोलीत कधीच पुरता मावला नाही. त्याचं एक टोक दाराबाहेर यायचं, दार उघडंच राहायचं, आणि मग लग्नात कुणी त्या टोकावर अहेराच्या साड्या रचायचं, कुणी बाळ झोपवायचं. कमिटीच्या अध्यक्षांनी पुरानंतर मला बजावलं होतं की आता नवीन आणताय तर असा आणा की दार लागलं पाहिजे. नाहीतर घोडा बाहेर आणि घोड्यामागे तुम्हीही.

मी आईच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप घेतली आणि खोली मोजली. माझा तर्क सरळ होता. जुना घोडा दाराबाहेर यायचा, म्हणजे तो जरुरीपेक्षा लांब होता. लांब असणारच, इतकी वर्षं आम्ही त्याला दोन्ही टोकांनी ओढत होतो. मला त्या क्षणी नियमपुस्तक आठवलं नाही, ज्या घोड्यांवर देशभर फिरून खेळलो ते आठवले नाहीत. मला अध्यक्ष आठवले.

उल्हासनगरला फर्निचरची दुकानं एकाला एक लागून. तिथला एक सिंधी सोफेवाला वडिलांच्या ओळखीचा, फॅक्टरीतल्या अर्ध्या लोकांच्या घरात त्याचेच दिवाण. सगळे त्याला साईं म्हणायचे. मी त्याच्यासमोर घोड्याचा फोटो ठेवला. त्याने तो उभा धरला, आडवा धरला, मग चष्मा काढून मला विचारलं, "इसपे बैठेगा कौन?"

मी म्हणालो, बसायचं नाही, हात ठेवायचे.

"बैठना नहीं है तो गद्दी कायको?"

मी त्याला खेळ समजावला. दुकानातल्या दोन स्टुलांवर हात ठेवून थोडा करूनही दाखवला. त्यात एका टीपॉयला माझा पाय लागला. साईंनी टीपॉय तपासला, मग मला तपासलं, आणि कारागिराला सांगितलं की मराठी भाऊ जसं म्हणतात तसं बनव, जास्ती पूछ मत. मी खोलीचं माप दिलं. दार लागताना घासू नये म्हणून त्यातही दोन बोटं कमी सांगितली. साईंनी कुठलं रेक्झिन घ्यायचं, किती फोम घालायचा हे खोदून खोदून विचारलं. माप बरोबर आहे का, हे विचारलं नाही. का विचारावं त्यांनी? चॅम्पियन माणूस समोर उभा होता.

घोडा झकास झाला. चॉकलेटी रंग, टाके एकसारखे. हँडल मी जुन्या घोड्याचीच बसवून घेतली, जुन्या अंतरावर, कारण हाताला सवय होती. तेवढी एकच गोष्ट मी बरोबर केली आणि तीच पुढे अंगाशी आली.

टेम्पोतून घोडा उतरवला, खोलीत ढकलला, आणि दार लागलं. खट आवाज करून लागलं. अध्यक्षांनी ते दोन-तीनदा उघडून लावून पाहिलं आणि माझी पाठ थोपटली. राज्याचं अजिंक्यपद मिळालं तेव्हा याच माणसाने मला नुसता हार घातला होता, पाठ थोपटली नव्हती.

सर काळा चष्मा लावून आले. घोड्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले की लहान वाटतोय. मी म्हणालो, नवीन आहे म्हणून वाटतं सर, जुना सैल पडून पसरला होता. सरांनी परत एकदा पाहिलं आणि पोरांना रांगेत उभं केलं. मला वाटलं पटलं.

त्या घोड्यावर मी काय खेळलो म्हणून सांगू. आयुष्यात ज्या घोड्याने मला रडवलं, तोच आता माझ्या तालावर नाचू लागला. या टोकाकडून त्या टोकाला जाताना पूर्वी माझा दम निघायचा, खांदे भरून यायचे. आता पोचलोसुद्धा असं व्हायचं. मी समजलो की ही परिपक्वता. पस्तिशीच्या उंबरठ्यावर माझी कला पिकली. जेवताना बायकोला मी हे सविस्तर सांगितलं. म्हटलं, शरीर थकतं पण खेळ शहाणा होतो. ती म्हणाली, "भात वाढू का अजून?"

तर मुद्दा असा की त्या वर्षी मला खरोखर थांबायचं होतं. पण थांबायच्या आधी राज्याचं अजिंक्यपद एकदा परत हवं होतं. ते गेली कित्येक वर्षं हातातून जात होतं आणि दरवेळी याच घोड्यापायी गेलं होतं. त्यात राज्य स्पर्धा त्या वर्षी बदलापूरला आल्या. घरच्या मैदानावर जिंकायचं, हार घालून घ्यायचा, आणि मग हात जोडून म्हणायचं की आता नव्यांना संधी द्या. ते वाक्यसुद्धा मी तयार ठेवलं होतं.

मी सगळ्यांना निमंत्रणं दिली. नातेवाईक आले, फॅक्टरीतला आमचा सेक्शन आला, कमिटी आली, वडील त्यांच्या निवृत्त मित्रांना घेऊन पहिल्या रांगेत. साईंनाही बोलावलं होतं. म्हटलं, तुमच्या मालाचं काय होतं ते एकदा बघा. ते खास पांढरे कपडे घालून आले. एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये सगळी साधनं मांडली होती, बाहेरून मागवलेली, नियमाची.

खेळाडूंचे गट करून साधनं फिरवतात. आमच्या गटाला घोडा सगळ्यात शेवटी आला. सुरुवातीला हात मोकळे करायला थोडा वेळ देतात. मी आमच्या दोघांना, म्हणजे बेलवलीच्या पोराला आणि त्याच्यासोबतच्या दुसऱ्या एकाला, सांगितलं की उगाच दमू नका, हँडलवर दोन-चार फेरे घ्या आणि उतरा. आम्ही तिघांनी मधल्या मधे फेरे घेतले. हँडलचं अंतर आमच्यासारखंच. छान वाटलं.

बाकीच्या पाच साधनांवर मी असा खेळलो की वडिलांचे मित्रसुद्धा जागे राहिले. हाय बारवरून उतरलो तेव्हा पाय जमिनीला चिकटले ते हललेच नाहीत. पाचांची बेरीज झाली आणि मी सगळ्यांच्या वर होतो, चांगला वर. आता घोड्यावरून पडायचं नाही, एवढंच उरलं होतं. समोर तो दिसत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची भीती वाटत नव्हती.

आमचा तो दुसरा आधी गेला. सुरेख चालला होता. त्या टोकाला पोचला, अंग फेकलं, आणि घोड्यावर बसला. नीट, दोन्हीकडे पाय सोडून, रिक्षात मधल्या सीटवर बसतात तसा. उठला, पुन्हा सुरू केलं, कसाबसा संपवून आला. मी म्हणालो, घाबरलास.

मग बेलवलीचा गेला. त्याच टोकाला, त्याच जागी, तसाच बसला. पण तो बसताक्षणी उडी मारून खाली उतरला, हाताला पावडर लावली, घोड्याकडे एकदा पाहिलं, परत चढला आणि यावेळी टोकाला एक फेरा जास्त मारून उतरला. परत आला तो धापा टाकतच मला सांगू लागला, "दादा, शेवटी जरा..."

मी त्याला मधेच तोडलं. म्हटलं, "कारणं नकोत. घोडा आहे तो, सोफा नाही."

मी पंचांना सलाम केला आणि गेलो.

पहिला भाग हँडलवरचा. अंग असं फिरत होतं की वाटलं मी नाही, हॉलच फिरतोय. मग प्रवास सुरू. या खेळात डोळ्यांनी बघत बसायला वेळ नसतो. हात मोजतात. इथे टेकला, इथे टेकला, आता टोक. माझ्या हातांनी टोक मोजलं, मी अंग बाहेर फेकलं आणि खाली जिथे हवा असायला हवी होती तिथे घोडा होता.

माझ्या लग्नात मी मंडपापर्यंत रिक्षाने गेलो होतो. घोड्यावर बसायचं राहून गेलं होतं. ते त्या दिवशी झालं, सगळे नातेवाईक हजर असताना.

पडल्यावर परत सुरू करायला अर्धं मिनिट देतात. हे मला माहीत होतं. मी इतरांना शिकवतो. शहाण्या माणसाने काय करायचं, टुणकन उतरायचं, पावडर लावायची आणि चढायचं. मी मात्र बसल्या जागी समोर पाहिलं. माझ्या पुढे अजून घोडा शिल्लक होता. जो घोडा संपला होता, तो संपलेला नव्हता. मी वाकलो आणि वितीने मोजलं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बरोबर एक वीत. खात्री करायला परत मोजलं.

सर कडेवरून ओरडले, "ऊठ."

मी त्यांना घोड्यावरूनच ओरडून सांगितलं, "सर, वीतभर जास्त आहे."

हॉलमध्ये शांतता पसरली होती, त्यामुळे हे शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. सर म्हणाले, "आधी उतर, गाढवा." मी उतरत होतो तेवढ्यात घंटा वाजली. अर्धं मिनिट संपलं होतं. पुढचा खेळ नाही. जेवढं झालं तेवढ्याचे गुण, आणि झालं ते सगळं मिळून एक बसणं.

पहिल्या रांगेच्या मागून साईंचा आवाज आला. ते शेजारच्याला समजावत होते, "देखा? मैं पहले दिन बोला था, बैठने का ही है."

एवढ्यावर थांबलो असतो तरी थोडी अब्रू वाचली असती. मी तक्रार केली. आयोजकांच्या टेबलावर जाऊन म्हणालो की स्पर्धेचा घोडा नियमापेक्षा लांब आहे, आमचे तिन्ही खेळाडू एकाच जागी बसले, याला योगायोग म्हणत नाहीत. मुद्दा तसा बिनतोड होता. मुख्य पंच म्हातारे आणि शांत होते. त्यांनी स्टीलची टेप मागवली आणि सगळ्यांसमोर घोडा मोजला. बरोबर भरला. मी म्हणालो, दुसऱ्या बाजूने मोजा. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दुसऱ्या बाजूनेही मोजला. तिकडूनही तेवढाच भरला.

मग टेप गुंडाळत त्यांनी अगदी सहज विचारलं, "तुम्ही सराव कुठल्या घोड्यावर करता?"

माझ्या डोळ्यांसमोर ते दार आलं. खट आवाज करून लागणारं.

मी सातवा आलो. सहावा आला बेलवलीचा पोरगा. पडल्याचे गुण कापूनही त्याने खेळ पुरा केला होता आणि तेवढ्यावर तो माझ्या पुढे गेला. यादी लावली तेव्हा तो तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि मग माझ्याकडे न बघता माझी बॅग उचलायला गेला. मी म्हणालो, राहू दे रे, आता ती माझी मलाच उचलायची आहे, तुझीपण मीच उचलीन. विनोद केला होता. तो हसला नाही, त्याचा चेहरा रडवेला झाला.

वडिलांनी मित्रांना सांगितलं की पोराचा सातवा नंबर आला. मित्रांनी अभिनंदन केलं. त्यांना वाटलं सातवा चांगला असावा.

परत येताना शेअर रिक्षात सर माझ्या शेजारी होते. अंबरनाथला उतरताना म्हणाले, "मला दिसत होतं आखूड आहे ते. म्हटलं, तू म्हणतोयस तर असेल." मला शिव्या चालल्या असत्या.

फॅक्टरीत सोमवारी कुणीतरी माझ्या टेबलावर शिलाईची टेप ठेवली होती. कमिटीकडे मी नवीन घोड्याचा विषय काढला तर अध्यक्ष म्हणाले, का, दार तर किती छान लागतं.

तर या सगळ्यात तो पोरगा सरावाला यायचा बंद झाला. राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर आलेली, आणि हा येईना. शिफ्ट आहे, असं मोबाईलवर कळवायचा. मला कळलं की मला तोंड दाखवायला तो लाजतोय. जागा माझी घेतली असं त्याला वाटत होतं. मग मी ठरवलं की आपणच मोठेपणा दाखवायचा. रविवारी पाव किलो पेढे घेतले आणि बेलवलीला निघालो. बायकोने विचारलं कुठे. सांगितलं. म्हणाली, जा, पण तिथे भाषण करू नको.

भाषण मी रिक्षातच तयार केलं. त्यात थोडा फेरफारही होता. म्हणजे मी घोड्यावर बसून मोजत राहिलो, त्याला आता मी एक वेगळा अर्थ देत होतो. सीनियर माणसाला आतून कुठेतरी वाटतंच ना, की बस झालं. कदाचित म्हणूनच मी उठलो नसेन. बदलापूरचा पूल ओलांडेपर्यंत माझा त्यावर विश्वासही बसला होता.

बेलवलीत चारी बाजूंनी इमारती उठल्या होत्या, मधे याचं कौलारू घर तेवढं उरलं होतं. पोरगा पहिल्या पाळीला गेला होता. ओट्यावर त्याची आई सुपात तांदूळ निवडत बसली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, हा एकच मुलगा, एवढं मला माहीत होतं. मी सरावातला दादा, अशी ओळख सांगितली. तिने मला खालून वर पाहिलं, आत जाऊन पाणी आणलं, चहा ठेवला आणि परत सूप घेऊन बसली. पेढ्यांचा पुडा तिने देवाजवळ ठेवला.

मी सुरुवात केली. म्हणालो, तुमच्या मुलाने नाव काढलं, सहावा आला, आता प्रत्यक्ष खेळायला मिळेल, रेल्वेच्या कोट्यात अर्ज करता येईल. त्याला सांगा, दादाच्या मनात काही नाही. जुन्यांनी कधीतरी बाजूला व्हायचंच असतं. मी इतकी वर्षं खेळलो, सगळं मिळालं, शेवटी नव्या पोरांसाठी जागा मोकळी करणं हेही एक खेळाडूचं काम असतं. मनात कुठेतरी मी ते ठरवलंच होतं. माणसाने स्वतःहून थांबावं, त्यातच शोभा.

ती तांदूळ निवडत होती. एक खडा सापडला तो तिने अंगणात टाकला. मला वाटलं तिचे डोळे भरून येतील, म्हणून मी थोडा थांबलो.

चहा उतू जायला आला होता. ती उठली, गॅस बंद केला, कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "बरं झालं भाऊ, तुमी पडलात. माझ्या पोराचं वय निघून गेलं असतं, पन आपनहून तुमी काय हटला नसतात."